दोनदा लिहिलं, पण ऐकू किती आलं?

वाचकांचे प्रश्न : भाषा आणि ध्वनी

इनुइट भाषा आणि फ्रेंच यांचं एकमेकींशी दूरचंही नातं नाही. तरी कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात अगदी उत्तरेला, नुनाविकमध्ये, मुलं शाळेत दोन्ही शिकतात. जोडीनं येणारी अक्षरं दोन्हींच्या लिखाणात भरपूर, म्हणजे दोन ए, दोन यू, दोन एल, दोन टी. इनुइटमध्ये ही जोडी बहुतेक वेळा खरी असते, फ्रेंचमध्ये बहुतेक वेळा नुसती कागदावरची. या अंकातले प्रश्न त्याबद्दलच आहेत.

‘इनुक’ हा शब्द रोमन लिपीत कधी एका यू-नं तर कधी दोन यू-नं छापलेला दिसतो. चूक कोणती धरायची? (ठाणे)

चूक कोणतीच नाही, कारण हे दोन वेगळे शब्द आहेत. इनुक म्हणजे एक माणूस, इनूक म्हणजे दोन माणसं आणि इनुइत म्हणजे तीन किंवा त्याहून जास्त. शाळेत संस्कृतात ‘देवः देवौ देवाः’ घोकलेल्यांना द्विवचन नवं नाही. कॅनडातल्या इनुक्टिटुट भाषेत ते रोजच्या बोलण्यात जिवंत आहे, आणि त्याची मुख्य खूण म्हणजे शेवटच्या ‘क’आधीचा लांबलेला स्वर. नुना म्हणजे जमीन, तर नुनाऽक म्हणजे दोन जमिनी. बर्फावरून ओढायच्या घसरगाडीला ‘क़मुतीक’ म्हणतात, तेही मुळात द्विवचनच. गाडीखाली लांब धावपट्ट्या दोन असतात म्हणून.

या भाषेत स्वर तीनच आहेत : इ, उ, आ. प्रत्येकाचा एक आखूड आणि एक लांब, असे सहा. स्वर इतके कमी असल्यामुळे जीभ थोडी इकडेतिकडे सरकली तरी अर्थ बिघडत नाही. पडजिभेजवळून येणाऱ्या ‘क़’च्या शेजारी इ चा ए कडे आणि उ चा ओ कडे कल जातो आणि कुणाला ते खटकत नाही. लांबी चुकली मात्र की माणसांची संख्याच बदलते.

इनुक्टिटुटच्या स्वतःच्या अक्षरलिपीत लांब स्वरासाठी अक्षराच्या डोक्यावर एक टिंब देतात. घाईच्या लिखाणात ते टिंब गळतं आणि वाचणारा संदर्भावरून समजून घेतो. मोबाइलवर ‘मी येतो’ची वेलांटी पहिली की दुसरी याकडे आपण जितकं लक्ष देतो, साधारण तितकंच. दुहेरी व्यंजनातलं पहिलं व्यंजन लहान आकारात, वरच्या अंगाला लिहितात. म्हणजे आपल्या जोडाक्षरातलं अर्धं अक्षरच. अपवाद क़्क़ चा. तिथे लहान ‘क़’च्या पुढे ‘क़ा’ लिहीत नाहीत, साधा ‘का’ लिहितात. साध्या ‘क़ा’चं चिन्हच लहान र आणि का एकत्र जोडून केलेलं असल्यामुळे ही तडजोड झाली आहे. लिपी नव्यानं शिकणारे इथे हमखास अडखळतात.

मग एक ए म्हणजे ‘अ’ आणि दोन ए म्हणजे ‘आ’, असं वाचलं तर चालेल ना? (नाशिक)

नाही, आणि मराठी वाचकाकडून सर्वांत जास्त होणारी चूक हीच आहे. आपले अ आणि आ लांबीपेक्षा जागेनं जास्त वेगळे आहेत. ‘कर’ म्हणताना तोंड अर्धवट उघडतं, ‘कार’ म्हणताना पूर्ण. रेकॉर्डिंग मोजलं तर पहिला फॉर्मंट, म्हणजे तोंडाच्या उघडेपणाबरोबर वर सरकणारा अनुनादाचा पट्टा, ‘आ’मध्ये स्पष्टपणे वर दिसतो. इनुक्टिटुटमध्ये दोन्ही स्वर ‘आ’च्याच घरातले आहेत. एक झटकन सोडायचा आणि दुसरा धरून ठेवायचा. म्हणून देवनागरीत टिपणं काढताना आखूड स्वराला ‘आ’ आणि लांबाला ‘आऽ’ लिहावं. आपला अवग्रह इथे अगदी चपखल बसतो.

इ-ई आणि उ-ऊ बाबतही सावध राहा. मराठीत ऱ्हस्व-दीर्घ बरंचसं शब्दातल्या जागेवर ठरतं. ‘दिन’ आणि ‘दीन’ लिहिताना वेगळे, पण सहज बोलताना दोन्हींतली इ बहुतेकांच्या तोंडी सारखीच लांब निघते. त्याच सवयीनं ‘इनुक’मधला उ आपोआप लांबतो आणि एका माणसाची दोन माणसं होतात.

पुण्यात फ्रेंच शिकतो आहे. ‘बेल’, म्हणजे सुंदर, या शब्दात एल दोन आणि उच्चारात एकच. मग दुसरा एल कशासाठी? (पुणे)

लॅटिनमध्ये तो खरोखर दुहेरी होता. इटालियननं तो दुहेरीपणा जपला, फ्रेंचमध्ये मध्ययुगातच तो उच्चारातून गेला. लिहिणाऱ्यांनी अक्षरं मात्र सोडली नाहीत, उलट पुढे त्यांना वेगवेगळ्या कामांना जुंपलं. ती कामं कळली की स्पेलिंग इतकं छळत नाही.

पहिलं काम आधीच्या ‘ई’ अक्षराचा उच्चार ठरवण्याचं. हाक मारणे या क्रियापदाची रूपं बघा. ‘आम्ही हाक मारतो’मध्ये एल एक आणि त्याआधीची ई जवळजवळ मुकी : आपलों. ‘मी हाक मारतो’मध्ये एल दोन, त्यामुळे ई उघडी : आपेल. फेकणे या क्रियापदातही तेच घडतं. एक टी असेल तर जतों, दोन टी असतील तर जेत. दोन्हीकडे व्यंजन ऐकू येतं एकदाच, बदलतो तो आधीचा स्वर.

दुसरं काम एस-चं. दोन स्वरांमधला एकटा एस फ्रेंचमध्ये घोष होतो, म्हणजे गळ्यात नाद असलेला, इंग्रजी झेडसारखा. तो ‘स’च राहावा म्हणून दोन एस लिहितात. एक एस म्हणजे विष आणि दोन एस म्हणजे मासा, हे उदाहरण पहिल्या महिन्यात प्रत्येकाला ऐकवलं जातं. हॉटेलच्या मेनूसमोर ते बरोबर आठवतं. इथेही ‘स’ लांब नाही, फक्त अघोष आहे.

कधी दोन सारखी अक्षरं चक्क दोन वेगळे ध्वनी असतात. ई किंवा आय च्या आधी दोन सी आले तर ‘क्स’ : आक्साँ, आक्से. आय नंतर दोन एल आले की बहुतेक वेळा ‘य’ : मुलगी म्हणजे फीय, कुटुंब म्हणजे फामीय. पण शहर म्हणजे व्हील, हजार म्हणजे मील आणि शांत म्हणजे त्राँकील. हे तीन पाठच करावे लागतात. ‘बोन’, ‘ओम’ यांसारख्या शब्दांतले दोन एन किंवा दोन एम एकेकाळी आधीच्या स्वराचं नाकात जाणं दाखवत. सतराव्या शतकाच्या सुमारास तो स्वर नाकातून बाहेर आला, अक्षरं तशीच राहिली.

स्वरांच्या जोड्यांचं प्रकरण निराळं आहे. अल्कोहोलसाठीच्या शब्दात दोन ओ आणि उच्चार एक : आल्कोल. ‘सहकार्य करणे’मध्ये मात्र दोन ओ म्हणजे दोन अक्षरं : को-ओ-पे-रे. ‘तो निर्माण करतो’ म्हणजे क्रे, ‘निर्माण करणे’ म्हणजे क्रे-ए. ‘निर्माण केलेली’ लिहिताना ओळीनं तीन ई येतात, त्यांतल्या ऐकू येतात दोन. इनुक्टिटुटच्या लांब स्वराशी याची गल्लत करू नका. तिथे एक अक्षर लांबतं, इथे दोन अक्षरं शेजारी बसलेली असतात. सावकाश बोलण्यात त्यांच्यामध्ये आवाज किंचित खाली जाऊन पुन्हा उठतो. भरभर बोलताना ती खाच बुजते आणि उरते फक्त लांबी.

म्हणजे फ्रेंचमध्ये खरं द्वित्त, म्हणजे उच्चारातही दुहेरी असलेलं व्यंजन, नाहीच? (पुणे, वरच्याच वाचकाचा पुढचा प्रश्न)

आहे, पण ते शब्दाच्या पोटात कमी आणि सांध्यावर जास्त सापडतं.

सर्वांत पक्की जागा म्हणजे धावणे, मरणे, मिळवणे या क्रियापदांची संकेतार्थी रूपं. ‘तो धावत होता’ म्हणजे कुरे, ‘तो धावला असता’ म्हणजे कुर्रे. घशातला तो खरखरीत र लांब न धरल्यास अर्थ बदलतो. त्यानंतर गळालेल्या मुक्या ई-ची जागा. ‘त्याच्या आत’ या अर्थाच्या शब्दात दोन द-मधली ई बोलताना पडते आणि लाद्दाँ उरतं. लादाँ म्हटलं तर ‘दात’ होतो. स्वच्छपणासाठीचा शब्द तसाच : नेत्ते. तिसरी जागा दोन शब्दांच्या मध्ये. युन वा म्हणजे एक हंस, युन न्वा म्हणजे एक अक्रोड. इला दि म्हणजे ‘तो बोलला’, इल्ला दि म्हणजे ‘तो ते बोलला’. बोलीत ‘इल’चा ल व्यंजनापुढे पडतो, त्यामुळे हा शेवटचा फरक पुसला जाण्याचा धोका असतो. आणि नेमक्या त्याच बोलीत लोक जिथे गरज नाही तिथेही ल दुणावतात : ‘मी ते घेतलंय’साठी झले ऐवजी झल्ले. व्याकरणाची पुस्तकं त्यावर नाक मुरडतात, पण कानाला ते सोयीचं आहे.

राहिला भर देण्याचा प्रकार. ‘अशक्य!’ म्हणताना फ्रेंच माणूस प लांबवतो, एँप्पोसीब्ल. हे मराठी माणसाला शिकवावं लागत नाही. आपण ‘मोठा’चा मोठ्ठा आणि ‘सगळं’चं सग्गळं याच यंत्रणेनं करतो. फरक इतकाच की आपण ते लिहितोही.

स्वरांची लांबी फ्रान्समध्ये हळूहळू विरते आहे, क्वेबेकमध्ये अजून ठणठणीत आहे. ‘सण’ आणि ‘तुम्ही करता’ हे शब्द पॅरिसमध्ये बहुतेकांच्या तोंडी सारखेच, फेत. माँट्रियालमध्ये पहिला फेऽत, किंवा थेट फाइतकडे झुकलेला. तिथल्या मराठी मंडळींनी पॅरिसच्या ध्वनिफितींवरून शिकून हा फरक सोडून दिला, तर तो दुसऱ्याच्या बोलण्यातून ऐकूही येत नाही.

द्वित्त मोजायचं कसं? घरी काही करता येईल? (कोल्हापूर)

येईल, आणि खर्च शून्य. ॲम्स्टरडॅम विद्यापीठातल्या पॉल बूर्स्मा आणि डेव्हिड वेनिंक यांनी तयार केलेला ‘प्रात’ हा प्रोग्राम फुकट मिळतो. संशोधकही तोच वापरतात.

सुरुवात मराठीनं करा. आता आणि आत्ता ही जोडी प्रयोगासाठीच घडवल्यासारखी आहे. ‘मी आता आलो’ आणि ‘मी आत्ता आलो’ अशी दहा-दहा वाक्यं चिठ्ठ्यांवर लिहा, चिठ्ठ्या मिसळा आणि एकेक वाचा. सगळे ‘आता’ आधी आणि सगळे ‘आत्ता’ नंतर वाचले, तर फरक नकळत फुगवला जातो. शब्द सुटा वाचू नका, वाक्यातच ठेवा, म्हणजे वेग स्थिर राहतो.

रेकॉर्डिंग मोनो, 44,100 हर्ट्झ, डब्ल्यूएव्ही स्वरूपात. माइक तोंडापासून 15-20 सेंटिमीटरवर आणि किंचित बाजूला, नाहीतर ‘प’चा फुंकर थेट त्यावर आदळतो. पंखा बंद. फोनवर करत असाल तर आवाज-शुद्धीकरणाची सोय बंद करा. ती हळू आवाज खाऊन टाकते आणि आपल्याला हवी ती जागा नेमकी हळू आवाजाचीच असते. रिकाम्या, फरशीच्या खोलीत घुमण्याचं शेपूट शांततेत शिरतं आणि ‘त’ची सुरुवात कुठे झाली ते कळत नाही. गाद्या आणि कपड्यांनी भरलेली खोली उत्तम.

प्रातमध्ये ध्वनी निवडून ‘व्ह्यू अँड एडिट’ उघडा. वर तरंग दिसतो आणि खाली स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे कोणत्या क्षणी कोणत्या कंपनसंख्येचा आवाज किती आहे त्याचं चित्र. ‘आ’चे काळे आडवे पट्टे संपतात, मग कोरी पांढरी फट येते, मग एक उभी बारीक रेघ. फट म्हणजे जीभ दातांमागे टेकून हवा अडलेली, रेघ म्हणजे अडथळा सुटल्याचा स्फोट. दुसरा फॉर्मंट संपतो तिथपासून रेघेपर्यंत माउसनं निवडा, लांबी सेकंदांत दिसेल. 0.090 म्हणजे 90 मिलिसेकंद. दहांची सरासरी काढा आणि ‘आत्ता’च्या फटीला ‘आता’च्या फटीनं भागा. जगातल्या बऱ्याच भाषांत हे गुणोत्तर दीडपट ते तिप्पट यांच्या दरम्यान येतं. तुमचं 1.2 आलं, तर बहुधा वाचताना वेग बदललेला आहे.

लक्ष द्यायची गोष्ट अशी की ‘आत्ता’मध्येही स्फोटाची रेघ एकच असते. दुहेरी त म्हणजे दोन त नव्हेत, एकच लांब धरलेला त. दोन रेघा दिसल्या तर बोलणाऱ्यानं मध्ये जीभ सोडली आहे. फ्रेंच ‘नेत्ते’ फार जपून म्हणणाऱ्यांच्या बाबतीत तसं होतं. तिथे मधली मुकी ई पुरती गेलेली नसते.

आता गंमत. ‘आत्ता’च्या फटीचा मधला भाग निवडून 20-20 मिलिसेकंद कापत जा आणि दर वेळी ऐका. एका टप्प्यावर तुमचाच आवाज ‘आता’ म्हणू लागेल. कडा कापू नका. स्वर त कडे वळतानाची वळणं तिथे असतात, ती गेली तर त चा त राहत नाही. फटीच्या ज्या लांबीला शब्द पालटतो ती भरभर बोललेल्या वाक्यात आणखी कमी असते, कारण कान घड्याळ बघत नाही, शेजारच्या स्वरांशी तुलना करतो.

सगळीच व्यंजनं इतकी सोपी नाहीत. म, न मोजताना फट कोरी नसते, तळाशी 250-300 हर्ट्झच्या आसपास एक जाड पट्टा चालू असतो. वरचे पट्टे एकदम फिके पडतात ती सीमा. ‘स’ मोजायचा असेल तर वरची मर्यादा 5,000 वरून 8,000 हर्ट्झवर न्या, नाहीतर त्याचा मुख्य आवाज चित्राबाहेर राहतो. ल आणि फ्रेंच र च्या कडा पुसट असतात. तिथे एक नियम ठरवून सगळीकडे तोच पाळणं एवढंच हातात आहे. आणि वाक्याच्या आरंभी येणारा त मोजायचा प्रयत्नच करू नका. आधीही शांतता आणि फटही शांतताच, मग सुरुवात कुठे धरणार? ऐकणाऱ्यालाही ती कळत नाही. द्वित्त बहुतेक भाषांत दोन स्वरांच्या मध्ये टिकून राहतं, त्यामागे हेही एक कारण आहे.

ग्रीनलंडच्या बातम्यांत घराला ‘इल्लु’ म्हणतात असं वाचलं, पण ऐकताना ल्ल च्या जागी हवेचा फुसकारा येतो. (मडगाव)

बरोबर ऐकलंत. ग्रीनलंडच्या कलाऽल्लिसुत भाषेत एकटा ल आपल्यासारखाच आहे, पण दुहेरी झाला की तो अघोष घर्षक होतो. जीभ ‘ल’च्याच जागी, गळ्यातला नाद बंद आणि जिभेच्या कडांवरून हवा घासत बाहेर. इतर घर्षकांचंही तसंच. एकटा व घोष, दुहेरी झाला की फ्फ. म्हणून तिथल्या मूळ शब्दांत एफ हे अक्षर जोडीनं किंवा आर-च्या पुढेच येतं. घासून येणारा ग़ दुहेरी झाला की ख़्ख़ आणि पडजिभेचा घोष र दुहेरी झाला की खरखरीत अघोष.

कारण हवेच्या दाबाचं आहे. स्वरतंतू कंप पावण्यासाठी त्यांच्या खालचा दाब वरच्यापेक्षा जास्त हवा. तोंड बंद केलं की आत येणारी हवा साठते, वरचा दाब चढतो आणि काही जादा हालचाल केली नाही तर सुमारे 60 मिलिसेकंदांत नाद विझायला लागतो. घर्षकात तोंड पुरतं बंद नसतं, पण घासण्यासाठीही मागे दाब लागतोच, म्हणजे खेच तीच. ध्वनी जितका लांबवाल तितका नाद टिकवणं कठीण. म्म आणि न्न मात्र घोषच राहतात, कारण त्यांची हवा नाकावाटे निघून जाते आणि दाब चढतच नाही.

फ्रेंचचा लाद्दाँ आणि आपला डब्बा तरीही घोष कसे? स्वरयंत्र किंचित खाली सरकवून, गाल सैल सोडून तोंडातली जागा वाढवली जाते. स्पेक्ट्रोग्रामवर तळाचा नादाचा पट्टा शेवटाकडे फिकट होताना दिसतो. प्रातमध्ये ‘डब्बा’ म्हणून बघा.

लिखाणाबद्दल एक जोड. सॅम्युएल क्लाइनश्मिट यांच्या एकोणिसाव्या शतकातल्या लेखनपद्धतीत ही लांबी स्वरांवरच्या खुणांनी दाखवत. लांब स्वरावर टोपी, पुढचं व्यंजन दुहेरी असेल तर तिरपी रेघ, दोन्ही असतील तर नागमोडी. 1973च्या सुधारणेनं खुणा काढल्या आणि अक्षरंच दोनदा लिहायला सुरुवात झाली. तरी एक सापळा उरला. बाई म्हणजे ‘अर्नाक़’ लिहितात, पण त्यातला र वेगळा ऐकू येत नाही. तो आधीच्या स्वराला घशाकडे ओढतो आणि न दुणावतो. लिहिलेलं एन एकच, ऐकू येतात दोन.

नुनाविकमधल्या कूज्जुआक़ गावाच्या नावात जे दोन आहेत, पण त्याच भागात ‘मोठं घर’ म्हणताना एकच. प्रत्यय एकच ना? (माँट्रियाल)

एकच : -ज्जुआक़, म्हणजे मोठा. (इथला जे मुळात ‘य’च्या जवळचा, प्रदेशागणिक थोडा बदलतो.) कूक म्हणजे नदी, म्हणून कूज्जुआक़ म्हणजे मोठी नदी. घर म्हणजे इल्लु. त्याला प्रत्यय लागला की इल्लुज्जुआक़ व्हायला हवं, पण नुनाविकमध्ये होतं इल्लुजुआक़. तिथला नियम असा की लागोपाठच्या दोन अक्षरांत दोन जोडव्यंजनं चालत नाहीत. पहिलं राहतं, दुसऱ्यातलं एक व्यंजन गळतं. ‘इल्लु’मध्ये ल्ल आधीच आहे, म्हणून ज्ज चा ज. ‘कू’मध्ये स्वर लांब आहे, पण जोडव्यंजन नाही, म्हणून ज्ज शाबूत. हा नियम नुनाविकात शब्दकोशाचं काम केलेले कॅथलिक मिशनरी ल्युसियाँ श्नायडर यांच्या नावानं ओळखला जातो. लॅब्राडॉरमध्येही तो लागू आहे.

शब्दात तीन-चार प्रत्यय लागले की डावीकडून मोजत जावं लागतं. एक जोड मोडली की तिच्या पुढची जोड वाचते. प्रत्यय सुटे पाठ करणाऱ्यांची गाडी इथेच अडते. ते पूर्ण शब्दांतच शिकावेत.

‘एन-एन-जी’ कसं वाचायचं? (डोंबिवली)

एन-जी मिळून एकच व्यंजन, आपला ङ. त्याचं द्वित्त एन-एन-जी, म्हणजे ङ्ङ. स्वागताचा शब्द ‘तुङ्ङासुगित’. त्यात ‘तुन्ग’ असा ग आणू नका. आभाराच्या ‘क़ुयान्नामीक’मधले दोन एन मात्र साधे न्न आहेत. त्यातला न्न आणि शेवटची ई, दोन्ही लांब धरायला हवेत.

वृत्तात जोडाक्षराआधीचं अक्षर गुरू धरतात. इनुइट भाषांत तसं काही? (सातारा)

मात्रा मोजण्याची पद्धत तिथे खरोखर उपयोगी पडते. कलाऽल्लिसुतमध्ये इंग्रजीसारखा आघात नाही. वाक्यखंडाच्या शेवटच्या तीन मात्रांवर सूर उंच-खाली-उंच असा जातो. आखूड स्वराची मात्रा एक, लांबाच्या दोन. त्यामुळे शेवटचा स्वर लांब असेल तर खाली आणि उंच हे दोन्ही सूर त्या एकाच स्वरात ऐकू येतात, आणि पहिला ‘उंच’ त्याआधीच्या मात्रेवर पडतो. व्यंजनाची मात्रा इथे मोजायची नाही. छंदातल्या सवयीनं जोडाक्षरामुळे गुरू धरलात, तर सूर एक घर चुकेल.